दादारावांचं गरम पाणी

वुडलँड्स, २ जून २०२४

श्री. दादाराव यांस,
सप्रेम जयभीम.

पत्रास कारण, गिझर. तुमची आठवण वगैरे आलेली नाही, उगाच फुशारून जाऊ नका.

फोन केला की "मी ठीक आहे" एवढं बोलून तुम्ही शेजारच्या नंदाच्या हातात देता, म्हणून हा खटाटोप. तुमची अख्खी नोकरी पोस्टात गेली. टपालाने आलेलं तरी न वाचता फेकणार नाही, एवढी आशा आहे. रत्नदीप म्हणाला, "आई, आजकाल पत्रं कोण लिहितं?" मी म्हटलं, जिचा नवरा लेकाच्या परदेशातल्या घरातून रुसून अकोल्याला जाऊन बसलाय ती लिहिते. त्यावर तुमचा लेक गप्प झाला. गप्प होण्यात तो अगदी तुमच्यावर गेलाय.

तर गिझर. इथे त्याला हीटर म्हणतात. आतल्या बाथरूमचा हीटर तुम्ही इथे होता तेव्हाच मेलेला होता. सगळे पॅसेजमधल्या बाथरूममध्ये जायचो, आठवत असेल. आता त्या बाहेरच्यातूनही पाणी गळायला लागलंय. फ्लॅट जुना झाला, पाइप जुने झाले, फरशी पोकळ वाजते. म्हणून सगळंच करून घ्यायचं ठरलं आहे. मिस्टर को नावाचे कंत्राटदार येऊन गेले. बारीक माणूस, बूट दाराबाहेर काढून आत येतो, मला आवडला. त्याने विचारलं, "आंटी, हाऊ मेनी पीपल बेद?" म्हणजे आंघोळीला माणसं किती.

मी म्हटलं, फाइव्ह.

रत्नदीपने माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या सूनबाईने, जान्हवीने, फरशीकडे. इरा इथल्या पोरांसारखं शेवटी "लाह" लावून पटकन म्हणाली, "आज्जी, वी आर ओन्ली फोर लाह. आजोबा इज नॉट हिअर." पोरगी नऊ वर्षांची आहे, तिला हिशेब बरोबर येतो. मीच शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि माझाच चुकला.

मुद्दा असा. आपण दोघं झोपायचो ती मागची खोली. तुम्ही येणार असाल तर ती खोलीच राहील. नसाल तर मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचा आणि तिथे जान्हवीचं ऑफिसचं टेबल लावायचं, असा विचार चालू आहे. को साहेबांना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उत्तर हवंय. माझाही इथे राहायचा पास पुढे वाढवायचा की नाही, ते त्याच सुमारास ठरवायचं आहे. एक पाय वुडलँड्समध्ये आणि एक अकोल्यात ठेवून मी किती दिवस उभी राहणार? माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत.

तुम्ही गेल्या वर्षी ठरल्या तारखेच्या आधीच तिकीट बदलून निघून का गेलात, हे मी विचारत नाही. तेव्हा विचारलं तर "माझं तिथे काय काम" म्हणालात. ठीक आहे. हीटरचं तरी सांगा. दोन प्रकार आहेत. एक भिंतीवर लावायचा पुस्तकाएवढा डबा. दुसरा छताच्या वर लपवायची मोठी टाकी, आपल्या अकोल्याच्या गिझरसारखी. रत्नदीपला डबा बरा वाटतो, जागा खात नाही म्हणून. तुमचं मत कळवा. या घरात गरम पाण्याचे शौकीन तुम्हीच. मला तर इथल्या उकाड्यात दुपारची गार पाण्याची आंघोळच सोसते.

गोळ्या घेता ना? नंदाला विचारून खात्री करणार आहे.

लीला

*

वुडलँड्स, २६ जून २०२४

दादाराव,

जयभीम.

तुमचं पत्र आलं. इतक्या महिन्यांतलं पहिलं, आणि त्यात एवढंच.

मी ते आज सकाळपासून पुन्हा पुन्हा वाचते आहे. "गरम पाण्याबद्दल मला विचारू नकोस. त्या घरात मी होतो तोवर रोज गार पाण्याने आंघोळ केली. सून आणि नात न्हाऊन बाहेर पडत तेव्हा आरशावर वाफ असे, म्हणजे त्यांना मिळत होते. मला मिळत नव्हते. वर सुनेने विजेच्या बिलाचे ऐकवले. माझ्या बापाला विहिरीच्या काठावर उभे राहून, कुणी वरून ओतील म्हणून, पाणी मागताना मी लहानपणी पाहिले आहे. त्याने मला एकच गोष्ट शिकवली, की कुणाच्या दारात पाणी मागायचे नाही. लेकाच्या घरात तरी मी ते का मागावे?"

अहो, मला का नाही सांगितलंत? शेजारच्या खाटेवर झोपत होते मी!

तुम्ही पहाटे उठायचात, त्या एसीतून उठून गार पाणी अंगावर घ्यायचात आणि वंदनेला बसायचात. आणि मला वाटायचं, काय छान ताजेतवाने दिसतात. परत गेल्यावर तुमची छाती भरली, नंदाने दवाखान्यात नेलं, तेव्हा मी तुम्हालाच बोलले की प्रवासात थंड काहीतरी प्यायला असाल. संताप होतोय मला. तुमचाही होतोय, पण तुमचा नंतर.

जान्हवीला मी अजून काही बोललेले नाही. फक्त तिच्या हातचा चहा घेत नाहीये. ती दोनदा विचारून गेली, "आई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, पित्त झालंय. पुण्याची, शिकलेली, तांजोंग पगार भागात मोठ्या ऑफिसात बसणारी, आपल्यातलीच मुलगी. लग्नात तुमच्या पाया पडताना किती लाजली होती. ती असं करेल? माणसाला गार पाण्यावर ठेवायचं?

बिलाचं ती बोलली होती ते मात्र खरं. मी स्वयंपाकघरात होते. "बाबा, बिलाची काळजी तुम्ही करू नका, ते आम्ही बघू." टोचेल अशाच आवाजात म्हणाली होती. तेव्हा मी म्हटलं, ऑफिसचा ताण असेल.

रविवारी रत्नदीप घरी असेल, तेव्हा मी सरळ विचारणार आहे. आणि मग येते. बॅग खाटेखालून काढून ठेवली आहे. भिंत पाडा म्हणावं, टेबल ठेवा, नाहीतर झोपाळा टांगा. जिथे तुम्हाला पाणी मिळालं नाही तिथे मी गरम पाण्याची टाकी कशाला निवडत बसू?

हे पत्र आजच टाकते आहे.

लीला

*

वुडलँड्स, ३० जून २०२४

अहो,

आधीचं पत्र मिळालं असेल तर ते बाजूला ठेवा. मिळालं नसेल तर मिळाल्यावर उघडू नका. मी येत नाहीये. म्हणजे येईन, पण तशी नाही. थांबा, नीट सांगते, माझी साडी अजून ओली आहे.

आज रविवार. सगळ्यांसमोर विचारायचं मी ठरवलंच होतं. पण शाळामास्तरीण आहे ना, पुराव्याशिवाय मुलाला उभं करायची सवय नाही. म्हटलं, आधी स्वतः बघावं, या हीटरमध्ये खोट आहे की माणसांत. सगळे झोपलेले असताना उठले, पॅसेजमधलं बटण दाबलं, लाल दिवा लागला, आत जाऊन शॉवर सोडला. लगेच गरम! हात भाजेल इतकं. मनात म्हटलं, झालं. हीटर धडधाकट आहे, खोट माणसांतच आहे. तुमच्या वेळी कुणीतरी काहीतरी करत असणार. जान्हवीच्या दारावर थाप मारायला मी निघालेही होते.

तेवढ्यात डोळ्यांसमोर तुम्ही उभे राहिलात. अकोल्याच्या घरातले. टॉवेल खांद्यावर, गिझरचं बटण दाबायचं, मग देवघराच्या जागी ठेवलेल्या बुद्धमूर्तीपुढे त्रिशरण-पंचशील म्हणायचं, तेवढ्यात पाणी तापतं. मग बटण बंद करायचं. दोनदा दाबून बघायचं की नक्की बंद झालं. आणि मगच मोरीत पाऊल. तुमच्या पोस्टातले प्रकाश भाऊजी बादलीतला रॉड चालू ठेवून पाण्यात हात घालायला गेले आणि जागच्या जागी संपले, त्या दिवसापासून आपल्या घरात हा नियम. रत्नदीप लहान असताना त्याने एकदा मोडला तर तुम्ही त्याच्याशी दिवसभर बोलला नाहीत. दुसऱ्यांच्या घरी पाहुणे म्हणून गेलात तरी तिथलं बटण तुम्ही बंद करून यायचात.

मी परत पॅसेजमध्ये आले. बटण दाबलं. तिथेच उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं, सगळं, तुमच्या चालीत. बटण बंद केलं. दोनदा बघितलं. आत गेले आणि शॉवर सोडला.

गार. बर्फासारखं गार, दादाराव.

हा भिंतीवरचा डबा पाणी साठवतच नाही हो! बटण चालू असेल आणि पाणी वाहत असेल तेवढ्यापुरतंच तापवतो. बटण बंद केलं की संपलं. तुम्ही रोज अगदी काळजीने, दोनदा तपासून, स्वतःच्या हाताने स्वतःचं गरम पाणी बंद करत होता. आणि बाहेर येऊन सुनेवर रुसत होता!

मी त्या शॉवरखाली साडीसकट स्टुलावर बसले आणि हसू आवरेना. मग रडू आवरेना. आवाज ऐकून जान्हवी धावत आली. "आई, पडलात का? लागलं का कुठे?" मला उठवायला ती स्वतः भिजली. मी तिला धरूनच बसले. चार दिवस तिच्या हातचा चहा नाकारलेली मी! नंतर सगळं सांगितलं, तुमच्या पत्रातलंही. विहिरीचंही.

ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. मग म्हणाली, "आई, बाबा इथे होते तेव्हा माझं पाणी मध्येच गार व्हायचं. डोक्याला शांपू लावलेला असायचा आणि एकदम गार. बाहेर येऊन बघायचे तर बटण बंद. एकदा नाही, कितीदा तरी. मला वाटलं, बाबांना माझा राग येतो. मी वीज उधळते असं त्यांना दाखवून द्यायचंय. म्हणून त्या दिवशी बिलाचं बोलले."

मी कपाळाला हात लावला. तुमची ती बटणं बंद करायची फेरी मला माहीत आहे! पॅसेजमधून जाताना लाल दिवा दिसला, आत पाण्याचा आवाज ऐकला, आणि तुमच्या काळजात धस्स झालं असणार. पोरगी आत आहे आणि बटण चालू. केलंत बंद. तिला सांगितलं मात्र नाहीत. तिने तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही तिच्याकडे पाणी मागितलं नाही.

"अगं," मी म्हटलं, "ते तुला वळण लावत नव्हते. ते तुला वाचवत होते."

मग ती रडली. "आणि ते स्वतः गार पाण्याने... आणि परत जाऊन त्यांची छाती भरली..." असं मध्येच म्हणत होती. मी तिच्या हातचा चहा मागून घेतला. दोन कप प्याले. पित्त गेलं.

रत्नदीप उठून आला तेव्हा आम्ही दोघी ओल्या कपड्यांत फरशीवर बसलेल्या. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मी बाबांना पहिल्या दिवशीच दाखवलं होतं, हे हीटरचं बटण." मी म्हटलं, हो, आणि बाकीचं? कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यात तू पाण्याचा थेंबन् थेंब मोजतोस म्हणे, आणि घरात बाप कुडकुडतोय ते कळलं नाही? तो दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. त्याचे डोळे भरले होते. तुम्ही गेल्यापासून तो तुमचं नाव काढत नव्हता. त्याला वाटत होतं, बाबांना माझं घर आवडलं नाही.

मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. कुणीच वाईट नव्हतं हो. घरातलं कुणीच वाईट नव्हतं.

तुमची,
लीला

*

वुडलँड्स, १० जुलै २०२४

अहो दादाराव,

सप्रेम जयभीम.

तुमच्या उत्तराची वाट बघायला हवी, पण टपालाला लागतो तेवढा धीर माझ्यात नाही. तुम्हीच त्या खात्यातले, तुम्ही समजून घ्या.

काल हीटर ठरला. दुकानात मी, जान्हवी आणि को साहेब गेलो होतो. दुकानदार पुन्हा भिंतीवरचाच डबा पुढे करत होता. छोटा, दिसायला छान, लगेच गरम. को साहेबही म्हणाले की टाकी बसवायची तर बाथरूमचं छत खाली घ्यावं लागेल, आधार घालावा लागेल, काम वाढेल. मी तोंड उघडायच्या आत जान्हवी म्हणाली, "नो. स्टोरेज. माय फादर-इन-लॉ विल स्विच इट ऑफ. आफ्टर दॅट ऑल्सो वॉटर मस्ट बी हॉट."

दुकानदाराला काही कळेना. "व्हाय स्विच ऑफ? ऑन व्हाइल बेदिंग ऑल्सो सेफ, मॅडम."

"आय नो," ती म्हणाली. "ही विल स्विच ऑफ एनीवे."

को साहेब हसले. म्हणाले, "माय फादर ऑल्सो लाइक दॅट. एव्हरी नाइट टर्न ऑफ माय वायफाय." आणि टाकीच्या मापाचा कागद काढला.

तर टाकी येते आहे. छताच्या वर लपलेली, अकोल्याच्या गिझरची मोठी बहीण. तुम्ही बटण दाबा, वंदना म्हणा, बटण बंद करा, दोनदा तपासा, पाणी आत गरमच राहील. दुसरी बातमी: खाली, बसून हात पोचेल अशा उंचीवर, एक वेगळा नळ घेतलाय, बादली भरायला. शॉवरखाली उभं राहून तुम्हाला अंग घासता येत नाही, तांब्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, हे मी सांगितल्यावर जान्हवीने तो नळ नकाशात घालून घेतला. को साहेबांनी विचारलं, "लो टॅप फॉर व्हॉट? वॉश डॉग?" जान्हवी म्हणाली, "फॉर बाबा." त्याने मुकाट्याने लिहून घेतलं. इराने ब्लॉकखालच्या दुकानातून लाल बादली आणली आहे आणि तिच्यावर मार्करने आजोबांचं नाव घातलंय. रोमन लिपीत आहे, चालवून घ्या.

आता खरं बोलते, कारण गिझरच्या आड लपून तरी मी किती दिवस लिहिणार? मला इथे तुमच्याशिवाय करमत नाही. नातीशी मराठी बोलायला जाते आणि ती उत्तर इंग्रजीत देते. खालच्या हॉकर सेंटरला, त्या खाण्याच्या टपऱ्यांत, चहा प्यायला जाते तर दोन खुर्च्या धरते. शेजारची चिनी बाई विचारते, "वेटिंग फॉर समवन?" मी येस म्हणते. तिकडे यावं तर इथल्या तिघांकडे जीव ओढतो, इथे राहावं तर तुमच्या गोळ्यांची काळजी. मला दोन्ही हवंय, आणि दोन्ही एकाच घरात हवंय. या वयात एवढा हावरटपणा मला शोभतो.

तुमच्या वडिलांनी पाणी मागू नको म्हणून शिकवलं, ते बरोबरच. मीही आपल्या रत्नदीपला तेच शिकवलं. पण आपल्या घरात पाणी मागत नसतात, घेत असतात. हे घर तुमचं आहे. नळ तुमच्या उंचीवर बसतोय.

भिंतीचं तुम्हीच सांगा. मी को साहेबांना अजून काही बोललेले नाही.

तुमची,
लीला

ता. क. बोलले आहे. भिंतीला हात लावू नका म्हणून सांगून टाकलंय. तुम्ही नाही म्हणालात तर माझी फजिती होईल, एवढं लक्षात ठेवा.

*

अकोला, २४ जुलै २०२४

चि. सौ. जान्हवी हिस,
अनेक मंगलकामना व जयभीम.

तुझ्या सासूची २६ व ३० तारखेची पत्रे मला एकाच दिवशी मिळाली. एकात ती रागावून इकडे येते म्हणते, दुसऱ्यात येत नाही म्हणते. टपालात असे होते. तारीख पाहून वाचण्याची सवय असल्याने घोटाळा झाला नाही, पण पहिले वाचताना जीव वरखाली झाला. तिसरे पत्र काल मिळाले. उत्तर तुला लिहीत आहे, कारण ते मी तुझे देणे लागतो असे मला वाटते.

हा हीटर पाणी साठवत नाही हे मला माहीत नव्हते. विचारले असते तर रत्नदीपने सांगितले असते. मी विचारले नाही. आता नंदा शेजारीण हे सर्वांना सांगत हिंडते व मला पाहून हसते. हसू दे. मलाही काल वंदना म्हणताना मध्येच हसू आले आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणावी लागली. बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

भिंत पाडू नये.

पासपोर्टची मुदत संपत आली होती, तो नूतनीकरणास दिला आहे. मिळताच तिकिटाचे रत्नदीपला फोनवर कळवीन. फोन मी स्वतः करीन. इराला सांग, रोमन लिपी चालेल, आल्यावर तिच्याकडून खाली मराठीतही लिहून घेईन. नळाची उंची योग्य आहे. तुझ्या टेबलाचे काय केले ते लीलाने कळवले नाही. आमच्या खोलीत खिडकीजवळ जागा आहे, दिवसा मी तिथे नसतो.

टाकीतले पाणी बटण बंद केल्यावरही गरम राहते असे ती लिहिते. तेव्हा तू आत असताना मी बटण बंद केले, तर आता तुझी गैरसोय होणार नाही. मी ते करीनच, माझ्याने राहवणार नाही.

मागच्या वेळी केले तेही बिलासाठी नव्हते, पोरी. तू आत होतीस म्हणून केले.

बाबा